दुसऱ्याचा चान्स खेळणारा

मुलगी सासरहून आली तेव्हा तिच्या खांद्याला कपड्यांची एक लहानशी बॅग होती आणि रिक्षावाल्याच्या दोन्ही हातांत एक भलामोठा खोका. जिना चढून वर येईपर्यंत त्याला धाप लागली होती.

"ताई, पुस्तकं आहेत काय यात?"

"नाही दादा, खेळ आहेत."

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याच्या कठड्याकडे बघितलं. लग्न झालेली, हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी माहेरी येते आणि सोबत खेळ घेऊन येते, यावर मी त्याला काय सांगणार होतो? मी त्याला पाणी दिलं.

"थोडे दिवस राहते," ती म्हणाली. थोडे दिवस संपले तरी तिचा लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर तसाच राहिला. सासर काही लांब नाही, मोशीला. थेरगावातून निघालं तर अंतर कमी आणि ट्रॅफिक जास्त. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. काय झालं ते ती सांगेना आणि आम्ही विचारेना. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. एखादा पार्ट नापास झाला की तिथे "का?" हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारायची पद्धत आहे. नव्या पोरांना ती मीच शिकवतो. घरात तो प्रश्न माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही.

बायकोला मात्र मी डबा भरताना गाठलं.

"दोनच ड्रेस आणलेत तिने. बाकी सगळे कपडे तिकडे आहेत. म्हणजे जाणार ती परत."

"कपडे काय, डांगे चौकात मिळतात," ती पोळीला तेल लावत म्हणाली. "जे मागे टाकून येववलं नाही ते घेऊन आलीय. काळजी करायची तर त्याची करा."

त्या दिवशी बसमध्ये मला नेहमीसारखी झोप लागली नाही.

आमची सुट्टी गुरुवारी असते. या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची असते. त्या गुरुवारी संध्याकाळी तिने ऑफिसचं काम आटोपलं, खोका उघडला आणि म्हणाली, "खेळता का?" आल्यापासून तिने आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. बायको गॅस बंद करून आली. मी चष्मा पुसून बसलो.

खेळ म्हणजे माझ्या डोक्यात लुडो, सापशिडी, फार तर कॅरम. फासा टाकायचा, दुसऱ्याची सोंगटी मारायची, "जा घरी!" म्हणून ओरडायचं. तिने जे मांडलं त्यात फासाच नव्हता. जाड पुठ्ठ्याच्या पाट्या, लाकडाचे लहान लहान ठोकळे, ज्याचं त्याचं शिवार. विहीर, बाजार, जंगल अशा जागा मध्ये. आपला माणूस विहिरीवर ठेवला की त्या फेरीत दुसऱ्याला विहिरीवर जाता येत नाही. भांडणाची सोय तेवढीच. ही जर्मन पद्धत, तिने सांगितलं. कंपनीतली आमची सगळ्यात गुणी मशीन जर्मन आहे, त्यामुळे मी आदराने पुढे सरकून बसलो.

"पण मारायचं कोणाला?"

"कोणालाच नाही, पप्पा. डावातून कोणी बाहेर जात नाही. शेवटी गुण मोजायचे."

"म्हणजे शाळाच झाली की."

मी मोठा गोठा बांधायला घेतला. गोठा झाकपक झाला आणि माझ्या माणसांना खायला धान्य उरलं नाही. बायको जिंकली. तिला कोणी नीट नियमही सांगितले नव्हते. "त्यात काय कळायचंय?" ती म्हणाली. "सगळ्यांना जेवायला घालायचं, मग उरलं तर पुढचं बघायचं. मी दुसरं काय करते?"

मी माझ्या गोठ्याबद्दल काहीतरी स्पष्टीकरण देत होतो, तेवढ्यात मुलगी ठोकळे गोळा करता करता म्हणाली, "या खेळात कोणी कोणाला काही करत नाही. फक्त तुम्हाला जिथे जायचं असतं तिथे आधीच कोणीतरी जाऊन उभं असतं."

हे ती पाटीकडे बघून बोलली. बायकोचा हात जागच्या जागी थांबला. एखाद्या शहाण्या बापाने इथे काहीतरी विचारलं असतं. मी माझे गुण पुन्हा एकदा मोजले. तेवढेच भरले.

व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये ताक पीत होतो. "पाहुणे, बरेच दिवस झाले. लोक विचारायला लागले. आता एकदा बसून घेऊ. या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो आम्ही." आवाज गोड होता. माणूस मुळात वाईट नाही, आजही मी तसंच म्हणेन.

बसून घेणं म्हणजे बैठक. दोन्हीकडची वडीलधारी माणसं सतरंजीवर किंवा सोफ्यावर बसतात, आधी हवापाण्याचं बोलतात, मग मुद्द्यावर येतात, दोघांनाही थोडं थोडं रागावतात, चहा होतो आणि मुलगी गाडीत बसते. अशा बैठकांना नात्यातला माणूस म्हणून मीही मान हलवत बसलेलो आहे. बहुतेक ठिकाणी मुलीची बॅग आतल्या खोलीत आधीच भरून ठेवलेली असते. हे मला त्या वेळी कधी खटकलं नव्हतं. ताक अर्धं टाकून मी लाइनवर गेलो आणि त्या दिवशी दोन पोरांना उगाच झापलं.

बायकोने कुरुळीला तिच्या थोरल्या भावाला फोन लावला. तिकडे सगळीकडे कंपन्या झाल्या, यांच्या रानात कामगारांच्या खोल्या झाल्या, आणि यांच्याकडे वेळ आला. तो वेळ ते बैठकांना देतात. आसपासच्या गावांत कुठेही नवराबायकोचं बिनसलं की मामांना बोलावणं येतं. पुढच्या गुरुवारी ते अंदाज घ्यायला म्हणून आमच्याकडे आले. टेबलावर खेळ मांडलेला बघून म्हणाले, "ह्ये काय दुकान मांडलंय?"

मुलीने त्यांच्यासाठी खोक्यातून दुसराच डबा काढला. ही अमेरिकन पद्धत, ती म्हणाली. प्लास्टिकचे सैनिक, शिंगं असलेले राक्षस, मोठा नकाशा आणि मूठभर फासे. गोष्ट मोठी थरारक. एखादा पत्ता उलटला की तुमची काही चूक नसताना तुमचं सैन्य रोगाने मरतं. ज्याचं सगळं संपलं तो डावाबाहेर, बाकीच्यांचा खेळ संपेपर्यंत त्याने बघत बसायचं.

"हां!" मामांनी बाह्या वर केल्या. "ह्यो खेळ हाय!"

त्यांनी फासे मुठीत धरले, मुठीत फुंकर मारली आणि पहिल्याच हल्ल्यात बायकोचा प्रांत साफ केला. ती उठून आत गेली. पाठोपाठ माझा नंबर लागला.

"गेलं तुमचं राज्य, पाव्हणं. उठा आता, चहा टाका."

मी स्वयंपाकघरात गेलो तर बायको भांडं ठेवून उभी होती. "या," ती म्हणाली, "हरलेल्यांची जागा इथेच."

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा मामा भाचीला बैठकीचं तंत्र समजावत होते. "आपुन आधी हल्ला करायचा. त्यांनी तोंड उघडायच्या आत आमी इच्यारनार, पोरीला तरास का दिला? तितं ते गडबडलं पायजेत. मग आपुन म्हनू त्या अटीवर नेत्यात का न्हाई बघ."

"मामा, त्रास दिला असं मी म्हटलंय का?"

"मग न्हाई दिला?"

ती सैनिक रंगाप्रमाणे वेगळे करत राहिली. लाल एका पिशवीत, हिरवे एका पिशवीत. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. दोन मोठी माणसं, आणि आमच्याकडे मिळून एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून मी घरी आलो तर टेबलावर तिसरा प्रकार मांडलेला. एक बोट, वादळ, आणि दर फेरीला बोटीत येणारं पाणी, म्हणजे निळ्या काचेचे मणी. एकजण सुतार, एकजण नावाडी, एकजण वैद्य. यात कोणी कोणाच्या विरुद्ध नसतं. सगळे मिळून खेळाच्या विरुद्ध. किनारा गाठला तर सगळे जिंकले, बुडाली तर सगळे बुडाले.

खरं सांगतो, हा खेळ माझ्यासाठीच बनवलाय असं मला वाटलं. मी दुसऱ्या फेरीलाच उभा राहिलो आणि टेबलाभोवती फिरायला लागलो, लाइनवर फिरतो तसा. "तू ती फळी उचल, सुताराकडे दे. तू आत्ता काही करू नकोस, तुझं काम पुढच्या फेरीला. पाणी मी बघतो. अगं तिकडे नाही, इकडे!" बायकोचा हात वैद्याच्या सोंगटीपर्यंत पोचायच्या आत मी ती सोंगटी हलवलेली असायची. वेळ वाचतो. बोट किनाऱ्याला लागली. टार्गेट पूर्ण झालं की आम्ही लाइनवर टाळ्या वाजवतो, तशा मी वाजवल्या. एकट्यानेच.

"छान झालं," बायको म्हणाली. "मला एक सांगा, मी होते का बोटीत?"

"अशा खेळाडूला एक नाव आहे, पप्पा," मुलगी म्हणाली. "अल्फा प्लेयर."

"असेल," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांचा अनुभव आहे."

मायलेकी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. ती आल्यापासून घरात पहिल्यांदाच हसणं झालं, म्हणून मीही हसलो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, की जगभर सगळ्यांनी मिळून खेळायच्या या प्रकाराला हा एक रोगच आहे. एकजण सगळ्यांचे चान्स खेळतो, बाकीचे नुसते सोंगट्या धरून बसतात, आणि त्याला वाटतं आपण केवढी मदत केली. पुढे पुढे त्याच्यासोबत खेळायला कोणी बसत नाही. मी मोबाइल खिशात ठेवला आणि शेजारच्याला म्हटलं, "आज ट्रॅफिक जास्त आहे, नाही?"

या रोगावर औषधही निघालंय, असं तिने संध्याकाळी सांगितलं. मिळूनच खेळायचं, पण बोलायचं नाही. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचे पत्ते, ते सगळ्यांनी मिळून चढत्या क्रमाने टाकायचे, कोणाकडे काय आहे ते सांगायचं नाही. पहिल्याच डावात मी खोकलो.

"खोकायचं नाही, पप्पा."

मी बायकोकडे बघून जरा भुवई उचलली.

"भुवया पण नाही."

"मग माणसाने जिवंत कसं राहायचं?"

आम्ही प्रत्येक डाव हरलो आणि प्रत्येक वेळी माझ्यामुळे. मुलगी चिडली नाही. "तुम्ही सारखे तुमच्या पत्त्यांकडे बघता," ती म्हणाली. "आईकडे बघा ना. बघा, ती टाकणार आहे." मी बघितलं. बायकोचं बोट एका पत्त्यावर टेकलेलं होतं आणि तिने श्वास धरून ठेवला होता. इतक्या वर्षांच्या संसारात ती काही करायच्या आधी अशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. ती काही करायच्या आधी मी बहुतेक बोलत असतो.

तरीही बैठक दुसऱ्या दिवसावर आली तशी माझ्यातला सुपरवायझर काही गप्प बसेना. आमच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट असतं तेव्हा आदल्या दिवशी मी ऑपरेटरांना एका रांगेत उभं करून तयारी करून घेतो. त्यांनी काय विचारलं तर काय सांगायचं, सगळं पाठ. त्यात माझा हातखंडा आहे, आजवर माझी लाइन नापास झालेली नाही. म्हणून मी मुलीला समोर बसवलं. ती गुडघे जवळ घेऊन दिवाणावर बसली.

"हे बघ. विचारलं तेवढंच सांगायचं. जास्तीचं आपणहून काही बोलायचं नाही. 'माहीत नाही' हे उत्तर कधीच द्यायचं नाही, 'बघून सांगते' म्हणायचं. नजर खाली नको. रडू आलं तर पाणी प्यायचं. तक्रार सांगायची तर एकच सांगायची, आणि तिच्यावरचा उपायही आपणच सांगायचा, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा राहत नाही. कळलं?"

"कळलं."

"काही शंका?"

"एकच. ऑडिट पास झालं की तुम्ही काय करता, पप्पा?"

"काय म्हणजे? माल डिस्पॅच."

मी ते बोलून गेलो. इतक्या सहज, की आपण काय बोललो ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती उठली, वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मी दिवाणासमोर खुर्ची टाकून एकटाच बसून होतो, रांग निघून गेलेल्या लाइनवर बसावं तसा.

रविवारी मी रजा टाकली. व्याही, विहीणबाई आणि जावई आले. मामा आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. पोहे झाले, पाण्याच्या टँकरचं बोलणं झालं. मुलगी आईच्या शेजारी बसली होती. बॅग कुठे आहे ते मी तिच्या खोलीत डोकावून बघून आलो होतो. ती रिकामी होती, कपाटावर.

मामांनी हल्ला करायचं ठरवलं होतं, पण सवय मोठी असते. त्यांनी बैठकीतले नेहमीचे प्रश्न काढले.

"पोरी, समद्यांसमोर खरं सांग. जावई मारत्यात का?"

"नाही."

"पित्यात का?"

"नाही."

"काय मागत्यात का माहेरावनं?"

"नाही, मामा."

प्रत्येक 'नाही'ला मामांचा चेहरा थोडा उतरत गेला आणि व्याही थोडे ताठ बसत गेले. लढाईची सगळी तयारी होती आणि समोर शत्रूच निघेना.

"मग झालं काय?" मामा म्हणाले.

तिने आईकडे बघितलं आणि बोलायला लागली. "मी चहात साखर घेत नाही. पहिल्या दिवसापासून सांगतेय. रोज साखर घातलेलाच चहा येतो, आणि सगळे हसून म्हणतात, होईल सवय. मी ऑफिसमधून येते तेव्हा माझं कपाट लावलेलं असतं. छान लावलेलं असतं. सुट्टी कधी घ्यायची, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, दिवाळीत कुठे जायचं, सगळं ठरलेलं असतं, मला शेवटी कळतं. माझा खोका माळ्यावर ठेवला, तोही मला विचारून नाही. सगळे चांगले आहेत. कोणी वाईट काही करत नाही. पण मी तिथे काही करते असं मला वाटत नाही. मी नुसती असते."

मग विहीणबाईंचे डोळे भरले. ते खोटं नव्हतं. "अगं, तू दमून येतेस म्हणून कपाट लावते मी. आपली समजून केलं ना? हा काय गुन्हा झाला?"

"साकरंवरनं कुनी घर मोडतंय व्हय?" मामा हसले. त्यांच्या हसण्याने सगळ्यांचीच सुटका झाली. व्याही हसले, जावई हसला. विहीणबाईंनी डोळे पुसून हसायचा प्रयत्न केला. मीही हसणार होतो. मुलगी हसली नाही.

"पाहुणे," व्याही माझ्याकडे वळले, "तुम्ही जाणते आहात. तुम्हीच सांगा, हे काय कारण झालं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं वाक्य तयार होतं. 'चार दिवस राहू द्या, मी स्वतः आणून सोडतो.' बैठकीचं हुकमी वाक्य. ते बोललं असतं की सगळ्यांचे खांदे सैल झाले असते, चहा आला असता, विहीणबाई मुलीच्या पाठीवरून हात फिरवून निघाल्या असत्या. ते जिभेवर आलेलंच होतं. घशात खवखवायला लागलं. मी खोकलो नाही. मी मुलीकडे बघितलं. तिने दोन्ही हात मांडीवर धरले होते, आणि आदल्या दिवशी आईने धरला होता तसा श्वास धरून ठेवला होता.

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

"आवो पाव्हणं!" मामा.

"वडील तुम्ही आहात ना तिचे?" व्याह्यांचा आवाज बदलला.

"आहे," मी म्हटलं आणि समोरचे गार झालेले पोहे खायला लागलो, कारण तोंड भरलेलं असलं की माझा स्वतःवर थोडा तरी भरवसा असतो.

तिने खूप वेळ घेतला. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी गाडी काढत होतं. मी पोहे चावत होतो.

"मला अजून ठरवायचंय," ती शेवटी म्हणाली. "ठरेपर्यंत मी इथे राहते. ठरलं की मी फोन करेन. मी करेन, पप्पा नाही."

मला ती 'येते' म्हणेल असं वाटलं होतं. हे मान्य केलेलं बरं. तिच्यावर सोपवलं म्हणजे ती माझ्याच मनातलं बोलेल असा माझा हिशेब होता.

विहीणबाई उठल्या. चहा तसाच राहिला. दारात जावई बूट घालायला वाकला तेव्हा त्याला फडताळातला डबा दिसला.

"ही ती बोट ना?"

"हो," मुलगी म्हणाली.

"आपण खेळलोच नाही कधी."

"दोनदा मांडली होती मी."

त्याने मान वर केली. मग त्याच्या वडिलांनी खालून हाक मारली आणि तो नाडी तशीच ठेवून जिना उतरला.

मामा मात्र बोलल्याशिवाय गेले नाहीत. "लय बैठका बगितल्या, पर बाप मुका बसलेला पैल्यांदाच बगितला. आता चार गावांत सांगतील, पोरीला बापाची फूस हाय. बगा तुमी."

ते चुकले नाहीत. आठवडाभरात नात्यातून फोन यायला लागले. कोणी म्हणालं, मुलीचा पगार सोडवत नसेल. कोणी म्हणालं, तिच्या डोक्यात खेळ भरलेत. बायकोने एकेकाला उत्तरं दिली आणि एका दुपारी फोन ठेवून माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर केलं का हो आपण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. माझ्या लाइनवर हे उत्तर चालत नाही.

मुलगी अजून इथेच आहे. जावयाचा फोन तिला येतो. ती तो घेऊन गच्चीवर जाते. कधी खाली येते तेव्हा चेहरा बरा असतो, कधी डोळे सुजलेले असतात. मी विचारत नाही. पूर्वी विचारत नव्हतो ते भीतीने. आता काय म्हणून विचारत नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. भीती गेलेली नाही एवढं खरं.

परवाच्या गुरुवारी आम्ही बोट मांडली. मी सुतार, बायको वैद्य, मुलगी नावाडी. आता आम्ही तो खेळही न बोलता खेळतो. तिच्या चान्सला मागच्या बाजूला पाणी चढत होतं. नावाड्याने मागे जायला हवं होतं. मला ते स्वच्छ दिसत होतं, दोन फेऱ्या आधीपासून दिसत होतं. तिने सोंगटी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि पुढे नेऊन ठेवली. मी जीभ टाळूला लावून बसलो. पुढच्याच फेरीत शेवटचा निळा मणी पडला.

"अगंबाई," बायको म्हणाली, "बुडालो की."

सवयीने माझा हात आवरायला पुढे गेला.

"थांबा पप्पा, आवरू नका," मुलगी म्हणाली. ती टेबलावर वाकली होती, एकेका मण्यावर बोट ठेवत मागे मागे जात होती. "कुठे चुकलं ते मला बघू दे."

मला माहीत होतं. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि तिच्याकडे बघत राहिलो.